व्हिसेरा राखून ठेवला, पण स्वादुपिंड बघितलं का?

"मृत्यूचं नेमकं कारण समजू शकलं नाही, व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे." तालुक्याच्या बातम्यांत हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की आता बोटं आपोआप टाइप करतात. वाचणाराही पुढच्या बातमीकडे वळतो. ज्या घरातलं माणूस गेलंय, ते घर मात्र या एका वाक्यावर अडकून पडतं.

काही वर्षांपूर्वीचं प्रकरण. नाव-गाव सांगत नाही. तिशीतला मजूर, दारूची सवय. एका संध्याकाळी पोटात जीवघेणी कळ, थेट पाठीपर्यंत जाणारी. उलट्या थांबेनात. गावात ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या रात्री गेला. सासू म्हणाली, सुनेनंच काहीतरी खाऊ घातलं. झालं! गावाचा निकाल त्याच रात्री लागला. लॅबचा अहवाल कित्येक महिन्यांनी आला: विष आढळलं नाही. तोवर ती बाई दोन लेकरं घेऊन माहेरी गेली होती. "विष नाही" हे कळलं, पण "मग कशानं मेला?" याला उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की संशय तसाच राहतो.

पीएमचा रिपोर्ट मी बघितला. छापील नमुन्यात यकृत, प्लीहा, मूत्रपिंडांबरोबर स्वादुपिंडाचीही ओळ असते. सगळ्यांपुढे एकच शब्द होता: कंजेस्टेड. म्हणजे रक्त साकळलेलं. तो मजूर स्वादुपिंडाच्या आजारानंच गेला असं मी म्हणत नाही. पण ते नीट बघितलं होतं का, हे त्या एका शब्दावरून कळत नाही.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवं असतं. वीतभरही लांब नाही, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास. पोट उघडलं की लगेच दिसत नाही, जठर बाजूला करून मागे जावं लागतं. अन्न पचवणारे रस तिथे तयार होतात. पित्ताचे खडे किंवा दारू, या दोन मोठ्या कारणांनी तिथे सूज येते, आणि आजार तीव्र झाला तर ते रस स्वादुपिंडालाच पचवायला लागतात. पोटात रक्तस्राव होतो, माणूस एक-दोन दिवसांतही जाऊ शकतो. बोस्टनच्या डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. म्हणजे ही काही नवी माहिती नाही. पण कळ, उलट्या, अचानक मृत्यू, हे सगळं बाहेरून विषबाधेसारखंच दिसतं.

आता खरी अडचण. मेल्यावरही हे रस थांबत नाहीत. त्यामुळे स्वादुपिंड इतर बऱ्याच अवयवांच्या आधी खराब होतं, लालसर-काळपट आणि मऊ पडतं. नुसत्या डोळ्यांना ते आजारासारखं दिसू शकतं, किंवा खरा आजार "कुजल्यामुळे झालं असेल" म्हणून सुटू शकतो. आजार असेल तर आजूबाजूच्या चरबीवर खडूसारखे पांढरे ठिपके सापडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली सुजेच्या पेशी दिसतात. मेल्यानंतरच्या कुजण्यात त्या पेशी नसतात. म्हणून स्वादुपिंडाचे काप करून बघायचे, आणि तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे पाठवायचा.

इथेच गल्लत होते. विष शोधायला जाणारा व्हिसेरा म्हणजे जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड वगैरे. तो सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो आणि त्या नेहमीच्या यादीत स्वादुपिंड नसतं. फॉर्मेलिनची बरणी वेगळी, तिची तपासणीही वेगळी. आणि स्वादुपिंडाला सूज सापडली म्हणून विष नव्हतं, असंही नाही. शेतात वापरतात त्या ऑर्गनोफॉस्फेट औषधांनीसुद्धा ही सूज येऊ शकते. म्हणून दोन्ही बरण्या लागतात.

सगळा दोष डॉक्टरांवर ढकलून चालणार नाही. तालुक्याला पीएम करणारा बहुतेक वेळा एमबीबीएस मेडिकल ऑफिसर असतो, पॅथॉलॉजिस्ट नव्हे. बाहेर ओपीडीची रांग, आत अपुरा उजेड. सोय असेल तिथे सूर्यास्तानंतरही पीएम करायला केंद्र सरकारनं २०२१ मध्ये परवानगी दिली, पण संशयास्पद मृत्यू त्यातून साधारणपणे वगळलेत. म्हणजे ज्या मृतदेहाची घाई, तोच रात्रभर थांबतो. अशा वेळी शवागारातली शीतपेटी चालू असणं ही चैन नव्हे, तो पुरावा आहे.

तेव्हा आमदार, जिल्हा परिषद सदस्य, रुग्ण कल्याण समितीवाले यांना तीन प्रश्न विचारा. आपल्या रुग्णालयातली शीतपेटी चालू आहे का? फॉर्मेलिन आणि बरण्या शिल्लक आहेत का? तुकडे मेडिकल कॉलेजला कोण आणि किती दिवसांत पोचवतं? आणि देव न करो, पण घरात अशी वेळ आलीच, तर पीएमच्या आधीच तपास अधिकाऱ्याला लेखी द्या: रासायनिक तपासणीबरोबर हिस्टोपॅथॉलॉजीही करावी. दोन ओळींचा अर्ज आहे. अंत्यविधी झाल्यावर तो देऊन उपयोग नाही.