नोंद

वाचकहो, घुबड बघायला घर सोडणारी माणसे आपण पाहिली आहेत काय? आम्ही निघालो. सोबत वस्तीतल्या वाचनालयाची सहा मुले आणि आमची धाकटी. शेजारच्या मावशींनी जिन्यातच अडवले, "अहो, बघायचं तर मोर बघा. घुबडाचं तोंड कशाला बघायचं सकाळी सकाळी?"

हे घुबड म्हणजे वनपिंगळा. कोणी रानपिंगळाही म्हणतात. वीतभर पक्षी, पण दिवसाउजेडी शिकार करणारा. १८८४ नंतर त्याचा खरा पुरावा कुणाला मिळालाच नाही. संपला, असेच धरून चालले होते. कागदोपत्री मात्र १९१४ ची एक नोंद होती, गुजरातमधली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर स्वतःची खोटी चिठ्ठी लावली होती! त्या चिठ्ठीवर विसंबून शोधणारे भलतीकडे गेले. आम्ही वीस वर्षे कारकुनी करतो. आवक वहीत एक तारीख खोटी पडली, की पुढची फाईल कोणकोणत्या टेबलांवर हिंडते ते आम्हाला विचारा. पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी जुने नमुने तपासले, ती नोंद बाद केली आणि खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला आपल्या शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला! ११३ वर्षांनी. पुढे २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही दिसला. कसारा लोकलच्या वाटेवर, म्हणून आमची हिंमत झाली.

रात्रीच्या गाडीने आटगावला उतरलो, ओळखीच्यांकडे पाठ टेकली. वन खात्याची परवानगी आधीच काढली होती. पहाटे वाटाड्या काकांच्या मागे चालू लागलो. सागाची वाळकी पाने पापडासारखी मोडत होती. काका म्हणाले, "पाय उचलून टाका, पोरांनो." दुर्बीण एकच, तीही मागून आणलेली.

दोन तास काही नाही. मग परतीच्या वाटेवर, जंगलाच्या कडेला, ऐनाच्या फांदीवर एक गोळा दिसला. आमच्या छातीत धडधडले. मोठा मुलगा कुजबुजला, "तोच! लिहा साहेब."

दुर्बीण धाकटीकडे होती. "पप्पा, डोक्यावर पांढरे ठिपके आहेत. भरपूर."

वनपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्याचे असते. हा आपला नेहमीचा पिंगळा.

"कोण बघायला येणार आहे?" मुलगा म्हणाला. "फळ्यावर लावू. सगळ्यांनी वर्गणी दिलीय."

खोटे कशाला बोलू? आमचे पेन क्षणभर थांबले होते. दीडदीडशे रुपये घरून आणलेली ती पोरे, आणि आईबापांना सांगायचे काय? धाकटी आमच्याकडेच बघत होती.

आम्ही लिहिले: पिंगळा, एक. वनपिंगळा दिसला नाही.

मुलगा गाडीत कल्याणपर्यंत बोलला नाही. जिन्यात मावशी उभ्याच होत्या. "दिसलं का तुमचं घुबड?"

"दिसलं, पण ते नव्हे."

"म्हणजे परत जाणार!" मावशींनी कपाळाला हात लावला.