तिन्हीसांजेचा ससा

कुकडी प्रकल्पाच्या धरणांचे पाणी शिवारात आले, ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्याही वस्तीला आला. म्हणून आमच्या बोरी बुद्रुकला तिन्हीसांजेच्या आत अंगणातला ससा पिंजऱ्यात जायलाच हवा. पण नेमक्या त्याच वेळी त्याला हुंदडण्याची लहर येई. पहाट आणि सांज हीच सशाची खरी जागृतीची वेळ!

आम्ही घरची सारी गोणपाट घेऊन त्याच्यामागे धावत असू. तो बाजेखाली दडून मागचे पाय आपटी. आम्ही त्याला हट्टी म्हणत असू. एका संध्याकाळी त्याला ओढून काढले, तेव्हा हाताखाली त्याचे काळीज असे धडधडत होते की आम्हीच ओशाळलो. वरून झडप घालणारा आमचा हात त्याला बिबट्याच्या पंजाहून निराळा कसा वाटावा?

त्या दिवसापासून पाठलाग थांबविला. ठरल्या वेळी पिंजऱ्यातच लसूणघास ठेवावा, ताटली वाजवावी आणि दूर जाऊन बसावे, असा क्रम धरला. काही दिवसांनी तो आपणहून आत जाऊ लागला. कडी मात्र आम्ही आजही दोनदा तपासतो.

ज्याचे रक्षण करायचे, त्याला आधी आपलेच भय वाटू नये, एवढे त्या मुक्या जिवाने आम्हांस शिकविले.