चव्वेचाळीस टनांचा हिशोब

मुलाकडे पेनसिल्व्हेनियात गेले होते तेव्हा एका रेल्वे-संग्रहालयात एक बुटकं इंजिन पाहिलं. मधोमध केबिन, दोन्ही बाजूंना सारखीच ठेंगणी नाकं, पुढचं तोंड कुठलं ते कळू नये असं. यार्डात डबे इकडचे तिकडे करणारं, जनरल इलेक्ट्रिकचं ४४ टनी डिझेल-इलेक्ट्रिक शंटिंग इंजिन. नातवाने विचारलं, "आजी, ४४च का? ४५ का नाही?" मास्तरणीला उत्तर येत नाही म्हणजे काय! घरी येऊन शोधलं.

उत्तर यंत्रात नव्हतं, करारात होतं. डिझेल आलं तसा कोळसा गेला, मग कोळसा टाकणाऱ्याचं काय? १९३७ साली अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटनांमध्ये ठरलं की यार्डातल्या ज्या डिझेलच्या चालक चाकांवर ९० हजार पौंडांहून जास्त वजन, त्यावर ड्रायव्हरच्या जोडीला फायरमन हवाच. त्याखाली एकटा ड्रायव्हर चालेल. अमेरिकन टन २ हजार पौंडांचा. म्हणजे ४४ टन झाले ८८ हजार पौंड. बसलं की नाही बरोबर रेषेच्या आत?

१९४० ते १९५६ पर्यंत ही इंजिनं बनली. प्रत्येक नाकात एकेक कॅटरपिलरचं डिझेल, दोन्ही मिळून साधारण ३८० अश्वशक्ती. डिझेलने जनित्र फिरवायचं आणि त्या विजेवर चाकांच्या मोटारी. व्हिटकॉम्ब, डेव्हनपोर्ट, पोर्टर यांनीही त्याच वजनाची काढली, तेव्हा एकट्या जनरल इलेक्ट्रिकला कशाला बोल लावा.

मला हे लागलं, कारण माझे बाबा दौंडला फायरमन होते. वाफेच्या इंजिनात बॉयलर आडवा येतो, ड्रायव्हरला पलीकडचं दिसत नाही, ती बाजू फायरमनची. डिझेल आलं तेव्हा आई महिनाभर धास्तावलेली होती. पण आपल्याकडे दुसरी खुर्ची राहिली, नुसतं नाव बदललं. बाबा डिझेल असिस्टंट झाले. "आता फावडं नाही, फक्त सिग्नल ओरडायचा," असं कुरकुरायचे. त्या ओरडण्याच्या पगारावर मी बी.ए. झाले.

कंपन्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. लहानशा फाट्यावर दिवसाला चार डबे हलवायचे आणि पगार दोघांचा, हे परवडणारं नव्हतं. आणि फायरमन ठेवायचा तर त्याला काम काय, हाही प्रश्न होताच. पुढे १९६३ साली वाद इतका चिघळला की काँग्रेसने कायदा करून लवाद नेमला, आणि मालगाड्यांवरच्या व यार्डातल्या डिझेलवरच्या फायरमनच्या सुमारे ९० टक्के जागा हळूहळू कमी करायला लवादाने परवानगी दिली. मग ४४ या आकड्याला काही अर्थच उरला नाही. इंजिनं मात्र चिवट. कितीतरी पुढे छोट्या रेल्वे आणि कारखान्यांत राबत राहिली.

असो. नातवाला हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे पणजोबांना त्या इंजिनात जागाच नव्हती?"

मी म्हटलं, जागा होती रे. आपण डोकावलो होतो ना आत? दोन माणसं सहज मावली असती.