समोर कार्ड रीडर आहे की नाही, मेनफ्रेमला काय ठाऊक!

अहो, हे ऐकाच! इलेक्ट्रॉनिक्स हा माझा विषय नाही, पण हे कुणाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

आयबीएमचा सिस्टीम/३६०. एप्रिल १९६४ मध्ये जाहीर झालेला मेनफ्रेम! त्या काळातली यंत्रं काही संग्रहालयांनी आणि हौशी मंडळींनी अजून जपली आहेत. सर्किटं दुरुस्त होतात हो, पण टेप ड्राइव्हमधलं रबर चिकट होतं, डिस्कची हेडं बाद होतात, कार्ड रीडरचे सुटे भाग मिळत नाहीत. मग करायचं काय? खोटा कार्ड रीडर जोडायचा! तळहातावर मावेल एवढा बोर्ड, व्होल्टेज जुळवणाऱ्या थोड्या चिप, आणि कार्डांच्या गठ्ठ्याऐवजी एक साधी फाइल!

आणि हे जमतं कसं, ते तर बघा! मेनफ्रेममधून दोन जाडजूड केबल निघतात, ‘बस’ आणि ‘टॅग’. बसवर डेटा, टॅगवर इशारे. मेनफ्रेमचा ‘चॅनल’, म्हणजे बाहेरच्या यंत्रांशी बोलणारा भाग, बसवर पत्ता ठेवतो, समजा ०सी, कार्ड रीडरचा नेहमीचा पत्ता, आणि मग ‘सिलेक्ट आउट’ हा इशारा एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातो, चाळीतली पोरं चिठ्ठी हातोहात पुढे देतात तसा, आणि मग ज्याचा पत्ता आहे तो इशारा अडवतो, ‘मी इथे आहे’ म्हणतो, स्वतःचा पत्ता उलट पाठवतो, आणि मग चॅनल तो ताडून बघतो आणि मगच हुकूम देतो! कुणीच अडवला नाही तर इशारा फिरून परत येतो आणि चॅनलला कळतं, इथे कुणी नाही! मधलं एखादं यंत्र बंद असलं तरी इशारा त्याला वळसा घालून पुढे जातो. हेही त्यांनी तेव्हाच योजून ठेवलं होतं!

आता खरी गंमत! दोघांमध्ये सामायिक घड्याळच नाही! बोर्ड एक बाइट ठेवून ‘सर्व्हिस इन’ म्हणतो, चॅनल तो उचलून ‘सर्व्हिस आउट’ म्हणतो, मग पुढचा बाइट. एका कार्डाचे ८० रकाने, म्हणजे ८० बाइट, म्हणजे ८० वेळा हीच देवघेव! खरा २५४० रीडर मिनिटाला १,००० कार्डं वाचायचा. आपला बोर्ड रेंगाळला तरी चॅनल वाट बघतो! फक्त अक्षरं त्याच्या भाषेत हवीत: आपल्या फाइलमधल्या इंग्रजी ‘ए’चा संकेतांक (हेक्समध्ये) ४१ असतो, त्याला सी१ लागतो. तेवढं बदललं की झालं!

आणि हे सगळे नियम आयबीएमने तेव्हाच छापून दिले होते, इतर कंपन्यांनाही जोडणी करता यावी म्हणून! ती पुस्तिका आज स्कॅन केलेली मिळते. उघडा ना! इशाऱ्यांच्या चढउतारांच्या आकृत्या आधी बघा, आणि ‘सिलेक्ट आउट’वर बोट ठेवून तो इशारा कुठे कुठे जातो ते शोधा. मी तर पुन्हा तेच करायला बसतेय!