वीस फुटांचा हिशेब

मेलबर्न, २८ मार्च

चि. अमेय,


तुझं पत्र परवा मिळालं. अकादमीतलं जेवण, रूममेट, पहाटेची पीटी हे सगळं चार पानं भरून लिहिलंस. आणि अगदी शेवटी, सही करता करता, "आत्या, लँडिंग जमत नाहीये. मी विमान फार वरच सरळ करतो, मग ते धपकन् खाली बसतं." मी त्या दोनच ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. आजची तारीख अशी आहे की तुला ब्लूई ट्रस्कॉटबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्याचं नाव कीथ. केस लालभडक, आणि इथे अशा माणसाला लाडाने ‘ब्लूई’च म्हणतात. १९१६ चा जन्म, मेलबर्न क्लबचा फुटबॉलपटू. हा फुटबॉल तू खेळायचास तो नव्हे. चेंडू लांबुळका, मैदान क्रिकेटचं, एकेका बाजूला अठरा गडी. उंच आलेला चेंडू नेमका कुठे उतरेल ते ताडून गर्दीतून झेप घ्यायची आणि तो हवेतच पकडायचा, यात या खेळाचा सगळा जीव. १९३९ साली त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवलं. १९४० च्या जुलैत तो हवाई दलात भरती झाला आणि सप्टेंबरात रजा काढून अंतिम सामना खेळायला आला. संघ पुन्हा जिंकला.

आता ऐक. हा गडी विमान शिकताना नापास होता होता वाचला. त्याची खोड तुझीच होती. उतरताना जमीन अजून वीसेक फूट खाली असायची आणि हा विमान सरळ करायचा. तरी तो चिकटून राहिला. कॅनडात पुढचं शिक्षण घेऊन १९४१ मध्ये इंग्लंडला पोचला आणि ४५२ स्क्वाड्रनमध्ये स्पिटफायर उडवू लागला. फायटर कमांडमधली ती पहिली ऑस्ट्रेलियन स्क्वाड्रन. त्याच नोव्हेंबरात त्याचं विमान पडलं, इंग्लिश खाडीतून त्याला जिवंत बाहेर काढलं. डीएफसी पदक त्याला दोनदा मिळालं. १९४२ मध्ये मायदेशी परतल्यावर क्लबसाठी एक शेवटचा सामना खेळला आणि न्यू गिनीकडे गेला.

तिथे मिल्न बेला नारळीच्या बागांमधून काढलेली धावपट्टी, वर अखंड पाऊस, खाली चिखल आणि चिखलावर लोखंडी जाळ्या अंथरलेल्या. त्याच्या नव्या ७६ स्क्वाड्रनची किटीहॉक विमानं तिथून उडायची आणि जवळच उतरलेल्या जपानी सैन्यावर मारा करून परत यायची. २७ ऑगस्टला स्क्वाड्रनचा प्रमुख पीटर टर्नबुल पडला आणि धुरा ब्लूईकडे आली. त्याच चिखलात तो रोज उतरत राहिला. सप्टेंबरच्या सुरुवातीला जपान्यांना तिथून माघार घ्यावी लागली.

अमेय, इतक्यातून तो सुखरूप निघाला. आणि २८ मार्च १९४३ ला, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथच्या आखातावर, आपल्याच एका कॅटलिना विमानावर हल्ल्याचा सराव करताना तो गेला. समोर शत्रू नव्हता. समुद्र आरशासारखा शांत होता. पाण्यावर लाट नसली की नजरेला धरायला काही उरत नाही, पृष्ठभाग जिथे आहे त्याहून खूप खाली आहे असं वाटतं. त्याचा उंचीचा अंदाज चुकला आणि विमान पाण्यात शिरलं. वय सव्वीस. पर्थला त्याचं दफन झालं.

त्याच्या लँडिंगच्या खोडीशी मी या मृत्यूची गाठ मारत नाही. तशा पाण्यावर भले भले वैमानिक फसतात. मला सांगायचंय ते इतकंच की आपला डोळा ज्याला उंची समजतो ती दर वेळी उंची असतेच असं नाही, आणि हे धोक्याच्या दिवशी आपल्या लक्षात राहतं, शांत दिवशी नाही. तुझा दोष तुला ठाऊक आहे, तू तो लपवला नाहीस, याचा मला फार अभिमान वाटला. महिन्या-दोन महिन्यांत तो जाईलही. पण गेल्यावर त्याला विसरू नकोस. ज्या दिवशी आकाश निरभ्र असेल, हात बसलेला असेल आणि खाली तलाव हलतही नसेल, त्या दिवशी त्याची आठवण काढ आणि थोडा वरच राहा.

मेलबर्न क्लबच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला अजूनही ब्लूईच्या नावाचा करंडक देतात. मागे तुझ्या आतेभावाने मला विचारलं, "आई, हा कोणत्या जागी खेळायचा?" युद्धाचं, पदकांचं त्याने काही विचारलं नाही. मला ते बरं वाटलं. तो मुळात मैदानावरचाच मुलगा होता.

दादा-वहिनींना हे पत्र दाखवू नकोस, वहिनी रात्रभर झोपणार नाही. पहिलं लँडिंग मनासारखं झालं की आधी तिला फोन कर, मग मला.

तुझी,
आत्या