गेरूचे ठिपके

फार लाडाने मुले बिघडतात, हे मी थोरामोठ्यांकडून ऐकले होते. पाणीही बिघडते, हे मला नातीच्या काचपेटीने शिकविले.

गेल्या वर्षी नात शिकावयास पुण्याला गेली, तेव्हा आपली ६० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या हवाली करून गेली. आत थोडे खडक, बटणांच्या झुबक्यांसारखे मऊ प्रवाळ आणि विदूषक माशांची एक जोडी. थोरली मादी, धाकटा नर. "आजोबा, दिवसातून एकदाच, चिमूटभर," असे तिने चारदा बजावले होते. पण मी काचेजवळ गेलो, की ती दोघे अशी लगबगीने समोर येत! नातवंडांना ज्याने कधी रिकाम्या हाताने पाठविले नाही, त्याला एका चिमटीवर थांबणे कसे जमावे?

श्रावणात खडकावर गेरूचे ठिपके दिसू लागले. मला तर ते शोभिवंतच वाटले. रांगोळीखाली गेरू सारवावा तसे. पण बघता बघता ठिपक्यांचा गालिचा झाला आणि त्याच्याखाली प्रवाळ मिटून बसले. अखेर पंचांग वाचावयाचे भिंग काचेला लावले. ठिपके चालत होते! पाव इंचाहून लहान, पापडासारखे चपटे अंग आणि मागे तीन शेपटे. काचेवर टुणटुणणारे पांढरे कण मला ठाऊक होते. ते निरुपद्रवी, माशांचा खाऊच. हे मात्र संथपणे सरकत होते.

"चपटे कृमी," नात फोनवर म्हणाली. "कुठल्यातरी प्रवाळाला चिकटून आले असतील. अंगात शेवाळ बाळगतात आणि प्रवाळावर पसरून त्याचा उजेड अडवतात. जादा खाऊ कुजला, की यांचे फावते. एकाचे अनेक व्हायला वेळ लागत नाही. नाव चपटे कृमी, पण शास्त्रज्ञांनी यांना त्या कुळातून केव्हाच बाहेर काढले आहे."

"म्हणूनच आपल्याकडे राहायला आले!" मी म्हटले.

ती हसली नाही. "औषध आहे. पण आजोबा, आधी नळीने जेवढे निघतील तेवढे काढा. मरताना त्यांच्या अंगातून विष सुटते."

मी 'औषध आहे' एवढेच ऐकले. दुसऱ्याच दिवशी ते आणून पाण्यात ओतले. तासाभरात ठिपके खडकावरून सुटून पाचोळ्यासारखे गरगरू लागले आणि मी विजयी मुद्रेने चहा घेतला. सकाळी धाकटा वाळूवर आडवा पडला होता.

नातीला सांगितले तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने एवढेच विचारले, "दुसरी कशी आहे?"

दुसरी पृष्ठभागाशी धापा टाकीत होती. नातीने सांगितले तसे निम्मे पाणी बदलले, गाळणीत सक्रिय कोळसा घातला. ती वाचली. पण पंधरा दिवसांत चार ठिपके पुन्हा दिसले. या वेळी मी शहाणा झालो होतो. तीन रविवार बारीक नळी तोंडाशी धरून एकेक कृमी बादलीत ओढला. जेवढे पाणी गेले तेवढेच, त्याच खारटपणाचे आणि त्याच उबेचे, परत भरले. ठिपके विरळ झाल्यावर मोजून औषध घातले, सुटले ते तत्काळ नळीने उचलले, आणि मग आधीच तयार ठेवलेले पाणी व नवा कोळसा. कोणी दगावले नाही. प्रवाळ उमलले.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरात केरसुणी फिरताना मनात आले, अलक्ष्मी बाहेरून येते खरी. पण तिला चिमटीचिमटीने जेवू घालणारा हात घरचाच असतो.

पाडव्याला नात आली. फुगवलेल्या पिशवीत एक इवलासा नारिंगी पाहुणा होता. पिशवी माझ्या हातात देत ती म्हणाली,

"आजोबा, यालाही एकच चिमूट हं!"