परक्या मंचावरची वीज

पुणे, शुक्रवार

प्रिय अनिकेत,



काल फोनवर तू म्हणालास, गिटारच्या पेडल्सनी ऐनवेळी दगा दिला, आता सगळा बोर्डच नवा घेतो. घाई करू नकोस. घरी व्यवस्थित वाजणारा बोर्ड परक्या मंचावर गप्प होतो तेव्हा पेडल्स बहुतेक वेळा धडधाकट असतात. प्रवासात एखादी वायर ढिली झालेली असते, नाहीतर तिथली वीज वेगळी असते. साउंडची यंत्रं दुरुस्त करण्यात माझी उमर गेली, म्हणून हे ठामपणे सांगते.

आवाज गेला की आधी गिटारची वायर थेट ॲम्पला लाव. वाजली, तर गिटार, वायर आणि ॲम्प तिन्ही ठीक आहेत, आणि वेळ आलीच तर तेवढ्यावर कार्यक्रम सुरू करता येतो. लोक गाणं ऐकायला आलेले असतात, डिलेवाचून कुणी उठून जात नाही. मग तुझ्या आठ पेडल्सपैकी पहिली चारच जोडून बघ. आवाज आला तर खोट पुढच्या चारांत. असं अर्धं-अर्धं करत गेलास की तीन फेऱ्यांत दोष सापडतो. बहुधा ती दोन पेडल्समधली वीतभर पॅच वायरच निघते. जॅक जरा हलवून बघ, खरखर झाली की ओळख पटली.

तुझ्या बॉस ब्रँडच्या पेडल्समध्ये बफर आहे. वीज गेली तर ती बंद असतानाही आवाज पुढे सोडत नाहीत. ट्रू बायपास पेडल बंद असेल तर वीज नसतानाही गिटार ऐकू येते. त्यामुळे बफरवाल्या पेडलचा एक अडॅप्टर मेला तरी सगळा बोर्ड मेल्यासारखा वाटतो. पण म्हणून कुणाचाही अडॅप्टर उसना घेऊन खुपसू नकोस. तुझी बहुतेक पेडल्स 9 व्होल्ट डीसीची, मधली पिन ऋण असलेली आहेत. कीबोर्डवाल्याचा अडॅप्टर 12 व्होल्टचा आणि उलट्या पिनेचा असू शकतो. मिलिअँपिअरही वाच. साध्या ओव्हरड्राइव्हला थोडे पुरतात, डिजिटल रिव्हर्बला शंभर-दोनशे, कधी तीनशेही लागतात. एकाच अडॅप्टरच्या शेपटीला सगळी पेडल्स लटकवली की रिव्हर्ब मधेच बंद पडतो, किंवा बारीक शिटीसारखा आवाज सगळ्यांत घुसतो. अशा वेळी डिजिटल पेडलला त्याचा स्वतःचा अडॅप्टर दे आणि ओव्हरड्राइव्ह 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालव.

आता तू फोनवर सांगितलेल्या घरघरीबद्दल, कारण तुझा खरा प्रश्न तोच होता. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे भुणभुण 50 आणि 100 हर्ट्झवर येते. तुझ्या जाड ई तारेच्या तिसऱ्या पट्टीवरचा जी 98 हर्ट्झचा, म्हणजे 100 हर्ट्झचं गुंजन त्याच्या अगदी जवळ आणि किंचित चढं असतं. कान लावून ऐक. मग गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आण. आवाज तरीही राहिला, तर तो वायरीतून, पेडल्समधून किंवा ॲम्पमधून येतोय. गेला, तर गिटारमधून येतो. जागेवरच स्वतःभोवती फिरून बघ, एखाद्या दिशेला कमी झाला की पिकअप ते ओढून घेतोय. नाट्यगृहात डिमरवरचे दिवे मंदावले की एक बोचरी घरघर हमखास सुरू होते. दिवेवाल्याला दोन मिनिटं दिवे पूर्ण करायला सांग, कारण तिथल्या तिथे कळतं. तुझा ॲम्प आणि बोर्ड एकाच सॉकेटवरून घे. मिक्सरकडे जाणाऱ्या डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबून बघ.

पण एक गोष्ट कुणीही सुचवली तरी करू नकोस: प्लगची जाड अर्थ पिन काढणं. भुणभुण थांबते, म्हणून मंडपांत सर्रास करतात. 1972 मध्ये स्वानसी इथे स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वे मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. हात मायक्रोफोनला लागला होता आणि अर्थिंग धड नव्हतं. गिटारच्या तारा तुझ्या हातात असतात आणि ओठ माइकपाशी. दोन वेगळ्या फेजवरची यंत्रं असली किंवा जनरेटरचं अर्थिंग केलेलंच नसलं, तर मधली वाट तुझ्या शरीरातून जाते. गाण्याआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, दुसरं तारांना लाव. आकडा शून्याच्या आसपास हवा. काही व्होल्टही दिसले तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत माइकला हात लावू नकोस, आयोजक कितीही घाई करोत. यावर मी कुणाचं ऐकणार नाही, तूही ऐकू नकोस.

कोकणातला पुढचा कार्यक्रम उघड्यावर आहे म्हणालास. खाऱ्या हवेने जॅकवर हिरवट पूट चढतं, म्हणून निघण्याआधी सगळे जॅक काँटॅक्ट क्लीनरने पुसून घे आणि जादा पॅच वायरी बॅगेत ठेव. माझा जुना मल्टिमीटर कुरिअरने पाठवतेय, बॅटरी नवी घातली आहे. पोचलास की आधी मंडपातल्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमध्ये किती व्होल्ट दिसतात ते मोज, मात्र प्रोबच्या उघड्या धातूला बोट लावू नकोस. 230 च्या जवळ आलं नाही तर मला लगेच फोन कर, मी जागी असेन.

तुझी,
मावशी